यादीतलं पंधरावं नाव

"हा मी न्हाई."

"तुम्हीच आहात, भाऊ."

"न्हाई ओ ताई, हा माझा आज्जा हाय. आज्जा बी असा नव्हता. ह्ये बगा, हितून हितपर्यंत नांगर फिरवलाय तुमी माझ्या तोंडावर!"

"नाटकात तुम्ही सत्तर वर्षांचे म्हातारे आहात ना?"

"भूमिका म्हातारी हाय! मी सत्तावन्नचा हाय!"

"पण फोटो नाटकाचाच आहे की. मग सुरकुत्या दिसल्या तर बिघडलं कामून?"

"आलं बगा, आलं 'कामून'!" रंगरावांनी दोन्ही हात वर केले, आणि कॅन्टीनच्या वरच्या हॉलमध्ये तालमीला जमलेले सगळे हसले. नातीचं काम करणारी तेजल तर भिंतीला टेकून हसली. विजयश्रीचं 'कामून' परभणीकडचं. चाकणला येऊन नऊ वर्षं झाली तरी ते तोंडातून गेलं नव्हतं.

"हसू नका रं," रंगराव म्हणाले, पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं. मग त्यांनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला आणि चेहरा उतरला. "ताई, मार्चमध्ये मी रिटायर. नोकरीत असलेल्यालाच ह्या स्पर्धेत उतरता येतं, म्हंजे ही माझी शेवटची. थेटराच्या दाराशी बोर्डावर हा फोटो लागणार. नंतर ह्या हॉलमध्ये कायमचा. नातवंडं येतील, म्हनतील, ह्यो कोन?"

विजयश्रीने फोटो परत घ्यायला हात पुढे केला.

"मी तुमाला यादीत धरायचं म्हनतोय," ते हळू आवाजात म्हणाले, "आन् तुमी मला हे दाखवताय."

यादी म्हणजे नाशिकच्या स्पर्धेची. कंपनी पंधरा जणांना दोन दिवस कामावर हजर धरणार होती. कलाकार, दिवे, संगीत, रंगभूषा धरून चौदा नावं पक्की होती. पंधराव्या जागेवर सामान उचलायला एक गडी न्यायचा की फोटो काढणारी ताई, हे रंगरावांनी ठरवायचं होतं. दिग्दर्शक तेच, मुख्य नटही तेच.

"परत काढते," विजयश्री म्हणाली. "आठ दिवस द्या."

तिला त्या यादीत जायचं होतं. बाकी तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

*

ती पेंट शॉपच्या तपासणीच्या बूथमध्ये काम करायची. रंगवलेला, भट्टीतून भाजून निघालेला गाडीचा दरवाजा सरकत तिच्यासमोर येई. छताला आणि दोन्ही भिंतींना ट्यूबलाइटच्या रांगा. दरवाजाच्या रंगाकडे बघायचंच नसतं. त्या रंगात पडलेल्या ट्यूबच्या पांढऱ्या रेघेकडे बघायचं. रेघ जिथे वाकली तिथे खड्डा. खडूने गोल करायचा, पुढचा दरवाजा. शिफ्टला साडेतीनशे-चारशे दरवाजे, आणि बोलायला कुणी नाही. रंगाला ओरखडा उठू नये म्हणून बूथमध्ये अंगावर धातूचं काही चालत नाही. बांगडी नाही, घड्याळ नाही, बटणं कापडाखाली झाकलेली. बाकी सगळ्यांच्या शर्टावर नावाचा बिल्ला असतो, बूथवाल्यांच्या नसतो.

संध्याकाळी कंपनीची बस तिला दिघीला सोडे. लष्कराच्या लांबलचक भिंतीच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर एक खोली. आधी तिथे भाऊही होता. नवनाथनेच तिला इकडे आणलं होतं, अकरा महिन्यांचं लग्न संपवून ती माहेरी परतली तेव्हा. मग त्याचं लग्न झालं आणि तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, माणला फ्लॅट घेऊन गेला. "ताई, तू पण चल," असं तो एकदा म्हणाला होता. एकदाच. रविवारी त्याचा फोन येतो. जेवलीस का, कंपनी काय म्हणते, ठेवू का.

फोटोचं वेड लागलं ते कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात. मुलींचा नाच चालला होता. फोटोग्राफरने कॅमेरा समोर धरला, पण उजेड पडला तो मुलींच्या पाठीमागून. केसांच्या कडा चांदीसारख्या उजळल्या. विजयश्री खुर्चीवरून उठून थेट त्याच्याकडे गेली.

"ओ, दिवा तिकडं आणि कॅमेरा इकडं, असं कसं?"

"फ्लॅश सुटा आहे, ताई. स्टँडवर ठेवलाय मागे. कॅमेऱ्यावर हा ट्रिगर, याने तो तिकडे पेटतो."

"म्हणजे उजेड कुठून पाडायचा ते आपण ठरवायचं?"

"आपणच."

नऊ वर्षं उजेडात बसून तिने उजेडाला कधी हात लावला नव्हता. महिन्याभरात तिने जुना कॅमेरा घेतला, मग एक फ्लॅश, एक स्टँड. थेरगावात डांगे चौकाजवळ नानासाहेबांचा जुना स्टुडिओ होता. आता तिथे फक्त पासपोर्टचे फोटो निघत. गुरुवारी कारखान्यांची सुट्टी, त्या दिवशी ती त्यांच्यापुढे जाऊन बसे.

अडचण एकच होती. शिकायला चेहरा हवा, आणि तिच्यासमोर तासभर बसेल असं कुणी नव्हतं. शेजारच्या मुली दोन फोटो झाले की मोबाइल मागत. शेवटी तिने बंद पडलेल्या एका कपड्यांच्या दुकानातून पुतळ्याचं डोकं आणलं. प्लास्टिकचं, नाकावरचा रंग उडालेला. तांदळाच्या डब्यावर ठेवून ती त्याचे फोटो काढी. फ्लॅश डावीकडे, उजवीकडे, खाली, वर. कडेने उघडा फ्लॅश मारला की ते डोकं फार देखणं दिसे. अर्धा गाल उजेडात, अर्धा काळोखात. तोच उजेड तिने रंगरावांना लावला होता.

प्लास्टिकच्या डोक्याला सुरकुत्या नसतात, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

*

"हे काय आणलंस?" नानासाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून रंगरावांचा फोटो पाहिला. "माणूस आहे की गाडीचा दरवाजा?"

"चुकलं का?"

"अगं, बाजूने, तेही उघडा फ्लॅश! असा उजेड खड्डे शोधायला लावतात. काय काम करतेस तू कंपनीत?"

"खड्डेच शोधते."

नानासाहेब खोकला येईपर्यंत हसले. "मग बरोबर आहे! एकही सोडला नाहीस. खडूने गोल तेवढे करायचे राहिले."

विजयश्रीला हसू आलं नाही. "आता काय करू?"

त्यांनी कपाटामागून एक पांढरी छत्री काढली. फ्लॅश उलटा करून छत्रीत मारला की उजेड छत्रीएवढा मोठा होऊन परत येतो, ते दाखवलं. "छत्री चेहऱ्याच्या जवळ आण. समोरून, जराशी वर. जेवढी जवळ, तेवढा उजेड मऊ. पण एक सांगतो, जवळ ठेवलेल्या दिव्याचा उजेड लवकर संपतो. दोन हातांवर जेवढा, चार हातांवर त्याच्या पाव. मागचा माणूस अंधारात जाईल. चल, मला काढ."

ते स्टुलावर बसले. तिने छत्री लावली, सरकवली, पुन्हा लावली. कॅमेरा डोळ्याला लावून उभी राहिली. दहा मिनिटं गेली असतील.

"बोल की माझ्याशी."

"काय बोलू?"

"काहीही. जेवलात का विचार."

"जेवलात का?"

"छे. सून म्हणाली, नाना, आज उपास आहे ना तुमचा? मी म्हटलं असेल. आता कसला उपास ते आम्हा दोघांनाही आठवत नाही." त्यांचा चेहरा एकदम सुटला, डोळ्यांच्या कडा हलल्या. विजयश्रीने बटण दाबलं तेव्हा ते पुन्हा स्टुलावरचे नानासाहेब झाले होते.

"गेला," ते म्हणाले. "तू वाट बघत होतीस मी नीट बसायची. माणूस नीट बसला की संपलं. तू लोकांशी बोलत नाहीस का गं?"

"बोलते की."

"कुणाशी?"

तिने छत्री मिटायला घेतली. ती नीट मिटेना.

*

पुढच्या मंगळवारी, पहिली शिफ्ट सुटल्यावर, तिने हॉलच्या खिडकीशी छत्री उभी केली. रंगराव मेकअप न करता, धुतलेलं तोंड घेऊन खुर्चीवर बसले. सगळे बघत होते.

"जेवलात का, भाऊ?"

"साडेचार वाजल्यात ताई! ह्या टायमाला कोन जेवतं?"

सगळे हसले. विजयश्रीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पुढे काय विचारायचं ते तिने ठरवून आणलं नव्हतं. रंगराव खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत होते, म्हणून तिने विचारलं, "काय बघताय?"

"काय न्हाई. हितं आमचं कांद्याचं रान व्हतं."

"इथे म्हणजे?"

"हितं म्हंजे हितंच. ह्या कॅन्टीनच्या खाली. त्या निळ्या गाडीपाशी विहीर. आमची आय तितं बसून कांदं निवडायची आन् मला शिव्या घालायची, नाटक्या कुठला म्हनून." ते थांबले. "खरंच झालो की नाटक्या."

तिने बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांनी स्वतःला पाहिलं. सुरकुत्या होत्या, पण त्या गालावर कोरलेल्या नव्हत्या, आपापल्या जागी होत्या.

"ह्यो मी हाय," ते म्हणाले. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ताईंना यादीत धरलं रं! सामान आपापलं उचला!"

त्या दिवशी बसमधून उतरल्यावर तिने जिना चढायच्या आधीच नवनाथला फोन लावला.

"मला नाशिकला नेताहेत. नाटकाच्या ग्रुपबरोबर."

"बरं झालं. थंडी असेल तिकडं. ताई, मी जरा मीटिंगमध्ये आहे, रविवारी बोलू?"

खोलीत आल्यावर तिने फ्लॅशच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. डब्यावरच्या डोक्याला सांगावं असं क्षणभर मनात आलं, आणि तिची तिलाच लाज वाटली. तिने त्याच्यावर टॉवेल टाकला.

*

प्रत्यक्ष प्रयोगात फ्लॅश मारता येत नाही. नटाच्या डोळ्यांवर उजेड आला की तो पुढचं वाक्य विसरतो. म्हणून स्टेजवरचे फ्लॅशचे फोटो रंगीत तालमीतच काढायचे असतात. कपडे, मेकअप, नेपथ्य सगळं प्रयोगासारखं, फक्त प्रेक्षक नाहीत. चिंचवडला एका गुरुवारी नाट्यगृह मिळालं. सकाळी आठला विजयश्री नानासाहेबांकडून आणखी दोन फ्लॅश मागून घेऊन सगळ्यांच्या आधी पोचली होती. एक फ्लॅश तिने नेपथ्यातल्या कपाटामागे लपवला, एक उजवीकडच्या विंगेत, पडद्याच्या कापडाआड. छत्रीचा तिसरा खाली, डाव्या हाताला.

तालीम सुरू झाली आणि रंगराव बदलले. खाली 'हाय' आणि 'न्हाई' करणारा माणूस वर जाऊन एकेक अक्षर धुऊन ठेवल्यासारखं बोलू लागला. खिडकीशी उभे राहून ते नातीला जाऊ नकोस म्हणतात त्या प्रसंगात कपाटामागचा फ्लॅश पेटला आणि त्यांच्या पांढऱ्या केसांभोवती उजेडाची कड आली. विजयश्रीने फोटो पाहिला नाही. ती पुढच्या वाक्याची वाट बघत होती.

तेजल अडली.

विंगेतून सांगणारा पानं उलटत होता. खालून, अंधारातून विजयश्रीचा आवाज गेला, "'आजोबा, तुम्ही मला चालायला शिकवलंत, थांबायला नाही.'"

"हां! 'आजोबा, तुम्ही मला...'" तेजलने वाक्य उचललं आणि मग सगळेच हसत सुटले.

"आयला, ताईंना आक्खं नाटक पाठ!" रंगराव स्टेजच्या कडेला येऊन म्हणाले. "तेजल, सांबाळून ऱ्हा गं. उद्या तुझी साडी नेसून उभ्या ऱ्हातील!"

विजयश्रीही हसली. तालमींना यायला लागल्यापासूनच्या चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्याबरोबर, त्यांच्याच गोष्टीवर.

तालीम संपली तेव्हा ग्रुप फोटो ठरला. चौदाजण स्टेजवर दोन रांगांत. विजयश्रीने खालून छत्री सरकवली, विंगेतला फ्लॅश वळवला. डावीकडचा उंच माणूस मागे गेला. उजव्या टोकाला प्रितम, मेकअपवाला, त्याच्या कानापर्यंत उजेड नीट पोचतोय ना ते तिने दोनदा तपासलं.

"ताई, तुम्ही पण या ना!" तेजल ओरडली.

"मी कशाला?"

"कामून न्हाई?" रंगराव तिच्याच सुरात म्हणाले, आणि पुन्हा हशा.

तिने टायमर लावला. दहा सेकंद. ती पळाली, बाजूच्या चार पायऱ्या चढली, आणि उजव्या टोकाला, प्रितमच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. प्रितमने न बघता थोडी जागा केली. हातांचं काय करायचं हे तिला कळेना, म्हणून तिने ते मागे घेतले, पुन्हा पुढे आणले. फ्लॅश पेटले.

"झालं? बास, एकच!" कुणीतरी म्हणालं. पुलाव आला होता. चौदाजण पायऱ्यांवरून धडधडत खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी शिफ्टवरून आल्यावर तिने तो फोटो लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. चौदा चेहरे स्वच्छ आले होते. पंधरावा नव्हता. विंगेतल्या फ्लॅशचा उजेड कापडाच्या कडेने निघून प्रितमच्या कानापर्यंत येत होता, आणि त्याच्या पलीकडच्या हातभर जागेवर त्याच कापडाची सावली होती. छत्रीचा उजेड तिथवर येईतो संपला होता. त्या सावलीत ती उभी होती. नीट पाहिलं तर एक मनगट दिसत होतं, आणि ओढणीची कड.

चौदाजणांच्या जागा तिने दोनदा तपासल्या होत्या. आपल्या जागेवर आधी कुणाला तरी उभं करून बघायचं असतं, हे तिला सुचलं नव्हतं.

तिने उजेड वाढवून पाहिला. मनगट हिरवट, रवाळ झालं, चेहरा तरीही आला नाही. तिने सगळं होतं तसं परत केलं आणि फोटो रंगरावांना पाठवला. खाली लिहिलं, 'उजवीकडे शेवटची मी.' मग ते पुसलं. शेजारी उभं राहणाऱ्यांना माहीत असणारच की.

रंगरावांचं उत्तर आलं. 'लै भारी.' तीन अंगठे.

*

सोमवारी बस कंपनीच्या गेटवर थांबली तेव्हा समोर नवा फ्लेक्स होता. नाशिकच्या नाट्यस्पर्धेसाठी आमच्या कलाकारांना हार्दिक शुभेच्छा. रंगरावांचा हॉलच्या खिडकीजवळचा फोटो, मोठा, गोल चौकटीत. खाली ग्रुप फोटो. लोक उतरत होते, कुणी मोबाइलवर त्याचे फोटो घेत होते. विजयश्री डावीकडून मोजत गेली. चौदाव्या माणसाच्या, प्रितमच्या, खांद्यापाशी फोटो संपत होता.

त्या दिवशी तिने दोन दरवाजे खड्ड्यांसकट पुढे जाऊ दिले. सुपरवायझर बूथपर्यंत आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

चार वाजता ती हॉलमध्ये शिरली. उद्या सकाळी सहाला बस सुटणार होती. ट्रंका भरणं चाललं होतं. तिची छत्री गुरुवारच्या सामानाबरोबर येऊन कोपऱ्यात उघडीच उभी होती.

"भाऊ, फ्लेक्सवरचा फोटो कुणी कापला?"

"कापला? न्हाई ओ. कडंला जरा काळं व्हतं, त्ये तेवढं काडाया लावलं मी. झाक दिसतुय का न्हाई?"

"त्या काळ्यात काय होतं?"

"काय असनार? पडदा."

"पडदा नव्हता."

"मग कपाट आसंल, ताई. काय फरक पडतुय?"

"कपाट दुसऱ्या बाजूला होतं!" तिचा आवाज एवढा चढला की ट्रंकेवर बसलेला प्रितम उठून उभा राहिला. "तुम्ही बघितलं का एकदा तरी, काय आहे तिथे? नुसतं काप म्हणालात?"

"आवो, पर एवढं तापायला काय झालं?"

तेजलने रंगरावांच्या हातातून मोबाइल घेतला. फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला, सरकवला, आणि तिचं बोट थांबलं.

"भाऊ," ती म्हणाली. "ताई आहेत इथे. हा बघा हात."

रंगरावांनी खिशातून चष्मा काढला. बघितलं. मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"आरं द्येवा," ते म्हणाले. "ताई, आईच्यान सांगतो, दिसलाच न्हाई तुमी मला."

"तुम्हीच बोलावलं होतंत."

"व्हय की, बोलावलं व्हतं. पर तुमी आलात का न्हाई त्ये काय..." ते मध्येच थांबले. मग घाईघाईने हसले. "आवो, नाशकात नवा काडू! मधी हुबं करू तुमाला, माझ्या शेजारी. प्रितम दाबंल बटन. काय रं?"

"दाबीन की," प्रितम म्हणाला.

"आन् यादीचं म्हनाल तर शबुद पाळलाय मी. थांबा, दाखवतोच." त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि ट्रंकेवर पसरला. चौदा नावं टाइप केलेली, आडनावांसकट, प्रत्येकापुढे कंपनीतला टोकन नंबर. पंधराव्या ओळीवर पेनाने, रंगरावांच्या मोठ्या अक्षरात, लिहिलं होतं: फोटोवाली ताई.

"पाच वाजायच्या आत ह्ये हापिसात द्यायचं हाय," रंगराव म्हणाले. "पुरं नाव मागत्यात ती लोकं, असं चालत न्हाई म्हनं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि टोक कागदावर टेकवलं. "सांगा. काय नाव तुमचं?"

विजयश्रीने तेजलकडे पाहिलं. तेजलने 'ताईंचं नाव...' म्हणून सुरुवात केली आणि प्रितमकडे बघितलं. प्रितम ट्रंकेची आधीच लागलेली कडी पुन्हा लावू लागला.

विजयश्री कोपऱ्यात गेली. तिने छत्री मिटली, पट्टा बांधला. फ्लॅश काढून पिशवीत ठेवला, स्टँडचे तीन पाय एकेक करून आत सारले. सगळे बघत होते आणि कुणी मदतीला येत नव्हतं. रंगराव पेन धरून वाकलेलेच होते.

"ताई? ओ ताई, पाच वाजत्यात..."

तिने पिशवी खांद्याला लावली आणि दाराबाहेर पडली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज खाली खाली जात राहिला.